एस. टी.चा तोटा आणि निस्ताराचा हक्क

रेल्वेने २०१६ सालापासून तिकिटांवर एक वाक्य छापायला सुरुवात केली. प्रवासाला जो खर्च येतो त्यापैकी सरासरी फक्त ५७ टक्के रक्कम रेल्वे वसूल करते, असा त्याचा आशय. वाक्य साधे आहे. पण त्याच्या पोटात एक गृहीत आहे. प्रवासाची सगळी किंमत प्रवाशानेच द्यायला हवी. ती तो देत नाही. म्हणून उरलेल्या ४३ टक्क्यांपुरता तो समाजाचा ऋणको आहे. एस. टी.च्या बाबतीत हेच गृहीत वर्षानुवर्षे निराळ्या शब्दात मांडले जाते. तेथे शब्द असतो 'तोटा'.

मी नवेगाव बांधचा राहणारा. आमचा तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला, तोवर आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो, एस. टी.च्या कारभारात आमचा विभाग भंडाराच आहे. मुलूख धानाचा. रोवणी आणि कापणी सोडली तर मजुराच्या हाताला नियमित काम नाही. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने, घरी बायकांच्या हाती विडीचे सूप. या माणसांना दवाखाना, कॉलेज, कचेरी, बाजार गाठायचा तर एस. टी., नाहीतर देवलगावच्या स्टेशनावर थांबणारी गोंदिया-चांदा फोर्ट मार्गावरची गाडी. तेव्हा सार्वजनिक वाहतुकीची खरी किंमत कोणी द्यावी, हा प्रश्न आमच्याकडे केवळ अर्थशास्त्राच्या वर्गातला राहत नाही. गाडी गावात येईल की नाही, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

१

प्रथम हिशेब समजून घेऊ. कार्यकर्त्यांनी हिशेबाला भिऊन चालणार नाही. जो हिशेब आपण वाचत नाही तोच आपल्यावर चालवला जातो.

एका फेरीला खर्च कशाकशाचा येतो? डिझेल, टायर, दुरुस्ती, चालक-वाहकाचा पगार, आगाराचा खर्च आणि गाडीची झीज. यातले बहुतेक खर्च गाडीत माणसे किती यावर अवलंबून नसतात. गाडी पाच माणसे घेऊन गेली काय किंवा पन्नास घेऊन गेली काय, खर्च जवळजवळ तोच. समजा, एका फेरीचा खर्च दोन हजार रुपये आहे. चाळीस प्रवासी असतील तर दर माणशी पन्नास रुपये पडतात. वीसच असतील तर शंभर. आता महामंडळाने तोटा भरून काढण्यासाठी भाडे वाढवले तर वीसातले पाच जण प्रवास टाळतात किंवा काळीपिवळीत बसतात. उरलेल्या पंधरांवर बोजा आणखी वाढतो. मग कागदावर लिहिले जाते की या मार्गावर भारमान नाही, आणि फेरी बंद होते.

मुक्कामी गाडीचेच उदाहरण घ्या. ती संध्याकाळी गावात येते, रात्री थांबते आणि पहाटे शाळा-कॉलेजची मुले, भाजीवाल्या, रोगी यांना घेऊन निघते. जाता-येताना भरलेली, मधल्या वेळच्या फेऱ्यांना रिकामी. सरासरी काढली की ती तोट्यातली ठरते. परंतु गावाला सरासरीची गाडी नको असते. सकाळी सहाची हवी असते.

कायदा याबाबत काय म्हणतो? महामंडळे ज्या कायद्याने स्थापन झाली तो १९५० चा रस्ता परिवहन महामंडळ कायदा. त्याच्या कलम १८ मध्ये महामंडळाचे कर्तव्य सांगितले आहे: कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसूत्र वाहतूक सेवा पुरवणे. कलम २२ म्हणते, महामंडळाने व्यापारी तत्त्वांवर कारभार करावा. 'पुरेशी' आणि 'व्यापारी' हे दोन शब्द एकाच कायद्यात राहतात, पण आमच्यासारख्या तालुक्यात त्यांचे पटत नाही. जंगलकाठच्या वीस-पंचवीस घरांच्या टोलीला पुरेशी सेवा द्यायची तर व्यापार होत नाही, आणि व्यापार करायचा तर ती टोली नकाशातून गळते. या भांडणात निवाडा देणारे कोणी नेमलेले नाही. म्हणून तो आगारातल्या वेळापत्रकात गुपचूप होऊन जातो.

दुसरी गोष्ट कराची. एस. टी.च्या प्रवासी भाड्यावर राज्य शासनाने वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर घेतला. डिझेलवरचा कर निराळा. म्हणजे लाल गाडीतून जाणारी विडीमजूर बाई प्रत्येक तिकिटागणिक शासनाला कर देत आली. मग त्याच शासनाने महामंडळाला काही रक्कम दिली की वर्तमानपत्रात 'एस. टी.ला मदत' असा मथळा येतो. एका हाताने घ्यायचे, दुसऱ्या हाताने त्यातले काही परत करायचे आणि त्याला मदत म्हणायचे, असा हा व्यवहार आहे. जून २०२५ मध्ये शासनाने एस. टी.च्या आर्थिक स्थितीची श्वेतपत्रिका काढली. तीत संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला आहे. हा आकडा वाचताना घेतलेल्या कराचा आकडाही त्याच्या शेजारी मांडायला हवा.

२

आता पाहू की आज ही किंमत प्रत्यक्षात कोण देतो. माझ्या मते तिघे देतात, आणि तिघांपैकी एकाचेच नाव हिशेबात येते.

पहिला प्रवासी. ऑक्टोबर २०२१ मध्ये भाडे १७ टक्क्यांवर वाढले. जानेवारी २०२५ मध्ये आणखी १४.९५ टक्के वाढले. रेल्वेचे तेच. कोविडनंतर साध्या पॅसेंजर गाड्या 'विशेष' म्हणून चालवल्या गेल्या आणि दहा रुपयांचे किमान भाडे तीस झाले. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्ववत आले. गाडी तीच, डबे तेच, बाक तेच. नाव बदलले आणि किंमत तिप्पट झाली.

दुसरा कामगार. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस. टी. कामगारांचा संप चालला. शासनात विलीनीकरण ही मुख्य मागणी. त्या काळात अनेक कामगारांनी आत्महत्या केल्या, ही गोष्ट महाराष्ट्र फार लवकर विसरला. भाडे कमी ठेवायचे आणि शासनानेही पुरते द्यायचे नाही, तर उरलेली किंमत चालक-वाहकाच्या तुटपुंज्या आणि थकलेल्या पगारातून वळती होते. त्याची झोप, मुक्कामाच्या गावी उघड्यावर काढलेली रात्र, मुलांची राहिलेली फी, हे सारे तिकिटाच्या किमतीत धरलेच जात नाही. राखीव जागांमुळे याच नोकरीने अनेक दलित-आदिवासी घरांत पहिला नियमित पगार आणला, हेही लक्षात ठेवले पाहिजे. खाजगी मालकाच्या गाडीवर राखीव जागा नसतात.

तिसरा तो, जो प्रवासच करू शकत नाही. त्याचे नाव कोणत्याच हिशेबात नाही. गाडी बंद झाली म्हणून दहावीनंतर घरी बसलेली मुलगी, गोंदियाच्या दवाखान्यात उद्या जाऊ म्हणत दुखणे अंगावर काढणारा म्हातारा, कचेरीतल्या एका दाखल्यासाठी रोजी बुडवून पायी निघालेला मजूर. त्यांनी तिकीट काढलेले नाही, म्हणून महामंडळाचा तोटाही झालेला नाही. समाजाचा मात्र झाला. संपाच्या त्या महिन्यांत मी हे रोज पाहिले. शाळा नुकत्या उघडत होत्या. ज्यांच्या घरी मोटारसायकल होती ती मुले शाळेत पोचत होती, बाकीची फाट्यावर उभी राहून परत जात होती. मोटारसायकल कोणाच्या घरी होती आणि कोणाच्या नव्हती, हे गावाचा नकाशा आणि जातीचा नकाशा शेजारी ठेवून पाहिल्यास सांगावे लागत नाही.

३

'तोटा' हा शब्द कोणासाठी वापरला जातो आणि कोणासाठी नाही, हेही तपासण्यासारखे आहे.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. खर्च सुमारे पंचावन्न हजार कोटी. नागपूरची मेट्रो पहिल्या टप्प्यात साडेआठ हजार कोटींच्या वर गेली. यांना गुंतवणूक म्हणतात. मेट्रोला माझा विरोध नाही. शहरातल्या कष्टकऱ्यालाही चांगली गाडी मिळाली पाहिजे. पण पाहा, मोठा रस्ता बांधला की त्यावरून मोटारीने जाणाऱ्याला 'तू समाजाचा इतके टक्के ऋणको आहेस' असे कोणी छापून देत नाही.

आमच्याच जिल्ह्यातले उदाहरण आणखी बोलके आहे. गोंदियाजवळ बिरसी येथे विमानतळ आहे. १३ मार्च २०२२ रोजी 'उडान' योजनेखाली तेथून इंदूर आणि हैदराबादसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. या योजनेत विमान कंपनीला भाड्यातून खर्च निघत नसेल तर मधला फरक सरकार भरून देते. त्याचे नाव 'व्यवहार्यता तफावत निधी'. राज्यालाही त्यात वाटा उचलावा लागतो. आणि या निधीसाठी देशातल्या मोठ्या विमानमार्गांवर आकार बसवला जातो. म्हणजे गजबजलेल्या मार्गाच्या उत्पन्नातून तुरळक मार्ग चालवायचा, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. एस. टी.नेही हेच केले होते. शहरांना जोडणाऱ्या भरलेल्या गाड्यांच्या उत्पन्नावर खेड्यातल्या रिकाम्या फेऱ्या चालत. पुढे नफ्याच्या मार्गांवर खाजगी ट्रॅव्हल्स उतरल्या, त्यांनी मलई घेतली, आणि एस. टी.कडे राहिल्या त्या आमच्या गावच्या फेऱ्या. विमानाच्या बाबतीत जी तफावत म्हटली जाते तीच लाल गाडीच्या बाबतीत तोटा होते. बसणाऱ्या माणसाच्या वर्गाप्रमाणे शब्द बदलतो.

४

आपल्या समाजाला प्रवासाची किंमत फक्त पैशात द्यावी लागलेली नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात, १९०१ सालचा प्रसंग नोंदवला आहे. सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावर उतरून वडिलांकडे गोरेगावला जायचे होते. (हे गोरेगाव तिकडचे, आपल्या जिल्ह्यातले नव्हे.) मुले महाराची आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी ठरले ते असे: मुलांनी दुप्पट भाडे द्यायचे, बैल स्वतः हाकायचे आणि गाडीवानाने बरोबर चालत यायचे. १९२९ साली चाळीसगावला पुन्हा तेच. तोवर ते परदेशातून शिकून आलेले बॅरिस्टर होते. पण टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. तोडगा म्हणून टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. महारवाड्यातल्या ज्या माणसाने तो हाकला त्याला सवय नव्हती. अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले.

अर्थशास्त्राच्या भाषेत हे दुप्पट भाडे म्हणजे खाजगी वाहतुकीतला जातीचा अधिभार होता. मालक ज्याच्याशी सौदा करायचा त्याची जात पाहत होता. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली, विदर्भात तेव्हा मध्य प्रांताची वेगळी सेवा होती, ती पुढे महाराष्ट्राच्या महामंडळात आली. या सरकारी गाड्यांनी जात संपवली असे मी म्हणत नाही. बाकावर शेजारी बसताना अंग चोरणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण टप्प्याचे भाडे सर्वांना एकच झाले. वाहकाला जात विचारण्याचे कारण उरले नाही. खेड्यातल्या दलिताला ठरलेल्या दरात, सौदा न करता, बसून जाता आले, ही लहान घटना नव्हे.

अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात काळ्या लोकांना हे सुद्धा नव्हते. तेथल्या बसमध्ये बहुसंख्य प्रवासी काळे. कंपनी चाले ती त्यांच्या पैशावर. पण गोऱ्यासाठी जागा त्यांनी सोडायची. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी ती सोडली नाही, त्यांना अटक झाली आणि ३८१ दिवसांचा बहिष्कार झाला. लोक कामावर चालत गेले. या लढ्यातून घ्यायचा बोध असा की, नुसते पैसे भरल्याने हक्क मिळत नाही. भाडे भरणारा गिऱ्हाईक असतो. मालक म्हणेल ती अट त्याच्यावर पडते.

५

मग हक्क कशाने मिळतो? आपल्या चळवळीने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेली व सांभाळलेली पाणवठ्यांसारखी स्थळे अस्पृश्यांना खुली असावीत, हा त्याचा गाभा. महाडच्या नगरपालिकेने तो मान्य केला आणि अंमल मात्र केला नाही. म्हणून २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्याविषयी शब्द आले ते असेच: पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेली. सार्वजनिक पैसा लागला की वस्तू सर्वांची होते, ही त्यामागची दृष्टी.

या दृष्टीने पाहिले तर एस. टी.ला मिळणारा शासनाचा पैसा भीक ठरत नाही. तो पैसाच गाडीवरच्या आपल्या हक्काचा दाखला आहे. उद्या एस. टी. संपूर्णपणे तिकिटाच्या पैशावर चालू लागली, तर ती ज्याला परवडते त्याची होईल, आणि गाडी बंद केल्याचा जाब विचारायला आपल्याकडे काही आधार राहणार नाही.

आमच्या भागात यासाठी एक जुना शब्द आहे: निस्तार. तलावाचे पाणी, जंगलातले जळाऊ लाकूड, गुरांची चराई यांवर गावाचा जो वहिवाटीचा हक्क तो निस्तार. मालगुजारीच्या काळी त्याची नोंद वाजिब-उल-अर्जात असे; १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, त्यांनाच आज लोक मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला असे सांगतात. मातीच्या टोपल्या कोणी वाहिल्या त्यांची नावे कोणी सांगत नाही. निस्तारही सर्वांना सारखा नव्हता. पाणवठ्यावर जात उभी होतीच. हे सर्व मान्य करूनही त्या व्यवस्थेतले एक तत्त्व घेण्यासारखे आहे. तलावाची पाळ राखण्याचा खर्च घागर भरणाऱ्या बाईकडून घागरीमागे कोणी मागितला नाही. ज्याच्या बांधीला पाणी जाऊन धान पिकते त्याने जमिनीच्या मानाने भार उचलायचा. आणि पाणी पिण्याचा हक्क मात्र जमीन नसणाऱ्यालाही. ज्याला फायदा अधिक त्याचा भार अधिक, आणि गरज असेल त्याला वापर खुला, असे हे तत्त्व होय. गाडीला तेच लावावे, एवढेच माझे म्हणणे.

६

येथे कोणी विचारील, 'जो एस. टी.त बसत नाही त्याने का द्यावे?' कारण तोही लाभ घेतो. गोंदियाच्या राइस मिलमध्ये मजूर वेळेवर पोचतो तो मिलमालकाच्या फायद्याचा आहे. आठवडी बाजारात गिऱ्हाईक उतरते ते दुकानदाराच्या. एस. टी.तली पन्नास माणसे पन्नास मोटारसायकलींवर निघाली तर मोटारवाल्यालाच रस्ता उरणार नाही. फ्रान्समध्ये १९७१ पासून, प्रथम पॅरिसच्या परिसरात, वाहतुकीसाठी मालकांवर पगारपत्रकाच्या प्रमाणात कर बसवला जातो. कामगार कामावर आणून देण्याची किंमत मालकानेही द्यावी, हा विचार तेथे रुजला आहे. लक्झेंबर्गने तर २०२० पासून देशभरची सार्वजनिक वाहतूक विनामूल्य केली. तो देश श्रीमंत आणि लहान. त्याची नक्कल करा असे मी म्हणत नाही. पण तिकीट हाच एक मार्ग नाही, एवढे त्यावरून दिसते.

दुसरा आक्षेप सवलतींचा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना प्रवास मोफत झाला, १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना तिकीट अर्धे. 'फुकट्यांनी एस. टी. बुडवली' असे त्यावर ऐकू येते. हे खरे नाही. माहेरी, बाजाराला, दवाखान्यात निघालेल्या बायकांनी गाड्या भरलेल्या मी पाहतो. अर्ध्या तिकिटाने त्यांना घराबाहेरचा रस्ता दिला. पण सवलत जाहीर करणाऱ्याने उरलेले अर्धे भाडे महामंडळाला वेळेवर दिले नाही, तर त्या सवलतीची किंमत पुन्हा कामगाराचा पगार आणि दुरुस्तीवाचून उभी असलेली गाडी देते. आणि ज्या टोलीला गाडीच येत नाही तेथल्या बाईला अर्ध्या तिकिटाचा काय उपयोग? सवलतीच्या आधी फेरी हवी.

यावरून मागण्या उघड होतात. एक, गाड्या, स्थानके आणि आगारे यांचा भांडवली खर्च रस्त्यांप्रमाणे शासनाच्या तिजोरीतून व्हावा. दोन, एस. टी.च्या तिकिटावर प्रवासी कर नसावा. तीन, भाड्याचे माप केवळ डिझेलच्या दरावर न ठरवता शेतमजुराच्या रोजीशी बांधावे. तालुक्याला जाऊन येण्यात रोजीचा किती भाग जावा याची मर्यादा असावी. चार, खाजगी मोटारी, नफ्याच्या मार्गांवरच्या ट्रॅव्हल्स आणि मोठे मालक यांच्यावर ग्रामीण फेऱ्यांसाठी स्वतंत्र आकार बसवावा, जसा विमानमार्गांवर बसवला आहे. पाच, कोणतीही फेरी बंद करण्यापूर्वी तिचा जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवावा आणि गावाचे म्हणणे लेखी घ्यावे.

यातली शेवटची मागणी मुंबईची वाट न पाहता आजही लावून धरता येते. शिक्षकांनी आपल्या शाळेतल्या किती मुली एस. टी.ने येतात आणि गाडी नसलेल्या दिवशी किती गैरहजर असतात, याची वहीत नोंद ठेवावी. विद्यार्थ्यांनी आपल्या टोलीतून दवाखाना, कचेरी आणि कॉलेज गाठायला काय पडते, पैशात आणि वेळात, ते लिहून काढावे. कार्यकर्त्यांनी हे कागद ग्रामसभेत वाचावेत आणि आगारप्रमुखापुढे ठेवावेत. महामंडळाकडे तोट्याचा हिशेब आहे. गाडी न आल्याने गावाचा जो तोटा होतो त्याचा हिशेब कोणाकडेही नाही. तो मांडण्याचे काम आपले आहे, आणि येत्या शाळेच्या सत्रापासून आम्ही नवेगाव बांध परिसरात त्याला हात घालत आहोत.